शिशाची खतावणी

कॅनडाच्या पश्चिमेस ब्रिटिश कोलंबिया प्रांतात कोलंबिया नदीच्या काठी ट्रेल नावाचे एक गाव आहे. १८९६ साली तेथे धातू गाळण्याची भट्टी पेटली आणि पुढील तीस वर्षांत ती शिसे व जस्त गाळणाऱ्या जगातील मोठ्या कारखान्यांत गणली जाऊ लागली. अमेरिकेची सरहद्द तेथून सरळ रेषेत अवघी सात मैल. नदी दक्षिणेस अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात उतरते. तिच्या दोन्ही अंगांस डोंगर उभे असल्यामुळे कारखान्याचा धूरही पन्हळीतून पाणी जावे तसा नदीबरोबरच सरहद्द ओलांडीत असे. १९२५ आणि १९२७ साली कारखान्याने चारशे फुटांहून उंच अशी दोन धुराडी उभारली. धूर उंच जावा आणि विरून जावा हा हेतू. धूर उंच गेला खरा, परंतु विरला नाही. पलीकडच्या नॉर्थपोर्ट परिसरातील शेतकऱ्यांची पिके करपली, रानातील झाडे वाळली आणि तक्रारींचा ओघ वाढतच गेला.

ह्या शेतकऱ्यांची अडचण चमत्कारिक होती. नुकसान एका देशात आणि नुकसान करणारा दुसऱ्या देशात. मग फिर्याद करावयाची कोठे? शिवाय परकीयांस जमीन विकत घेण्यास वॉशिंग्टन राज्याच्या कायद्याने मनाई होती. त्यामुळे बाधित जमिनी खरेदी करून तंटा मिटविण्याचा जो मार्ग असे कारखानदार एरवी चोखाळतात, तोही बंद होता. अखेर दोन सरकारांना हा प्रश्न हाती घ्यावा लागला. संयुक्त आयोगाने १९३१ साली साडेतीन लाख डॉलर भरपाई सुचविली. तेवढ्याने समाधान झाले नाही. १९३५ च्या करारान्वये त्रिसदस्य लवाद बसला. अमेरिकेतर्फे चार्ल्स वॉरेन, कॅनडातर्फे रॉबर्ट ग्रीनशील्ड्स आणि अध्यक्षस्थानी बेल्जमचे यान होस्टी. लवादाने १९३८ साली आणखी ७८,००० डॉलर देवविले. ११ मार्च १९४१ च्या अंतिम निवाड्यात त्याने असे तत्त्व सांगितले की, गंभीर स्वरूपाची हानी होत असेल आणि ती स्पष्ट व खात्रीलायक पुराव्याने सिद्ध होत असेल, तर दुसऱ्या राष्ट्राच्या भूमीस आपल्या धुराने इजा पोहोचेल अशा रीतीने स्वतःच्या भूमीचा वापर करण्याचा अधिकार कोणत्याही राष्ट्रास नाही.

कायद्याच्या विद्यार्थ्यांस हे तत्त्व पाठ असते. ‘स्पष्ट व खात्रीलायक पुरावा’ ह्या चार शब्दांसाठी काय खटाटोप करावा लागला, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. लवादाने दोन शास्त्रज्ञ सल्लागार नेमले आणि त्यांच्या देखरेखीखाली खोऱ्यात ठिकठिकाणी हवेतील गंधकाचा वायू आपोआप नोंदविणारी यंत्रे बसविण्यात आली. वाऱ्याची दिशा, वेग, उष्णतामान ह्यांच्या नोंदी सुरू झाल्या. त्यांतून एक विलक्षण गोष्ट उघडकीस आली. धूर धुराड्यापासून क्रमाक्रमाने पुढे सरकत असेल, तर जवळच्या यंत्रास तो आधी आणि दूरच्या यंत्रास नंतर दिसावयास हवा होता. प्रत्यक्षात सकाळच्या सुमारास अनेक मैलांच्या पट्ट्यातील यंत्रे जवळजवळ एकाच वेळी धूर दाखवीत. कारण असे की, रात्री खोऱ्यातील थंड हवा स्थिर असते व तीत धुराचा पट्टा उंचावरून लांबवर पसरून राहतो. सूर्य वर आला, जमीन तापली, हवा घुसळू लागली, की तो सारा धूर एकदम खाली उतरतो. हे उमगल्यावर कारखान्याने कोणत्या वेळी, कोणत्या वाऱ्यात किती वायू सोडावा ह्याचे नियम बांधता आले. एका ठिकाणी मोजावयाचे आणि हवेच्या चालीवरून दुसऱ्या ठिकाणचे अनुमान करावयाचे, ही जी पद्धती पुढे खंडाच्या खंडास लागू झाली, तिचा उगम ह्या अरुंद खोऱ्यात पाहावयास सापडतो.

परंतु लवादापुढे प्रश्न होता तो गंधकाच्या वायूचा. शिसे गाळणाऱ्या भट्टीच्या धुरात शिशाचेही सूक्ष्म कण असणार, हे उघड आहे. त्यांचा हिशेब मात्र कोणी मागितला नाही. गंधकाचा वायू पान करपवितो व ते डोळ्यांस दिसते. शिसे मातीत बसून राहते आणि माणसाच्या, विशेषतः लहान मुलांच्या मेंदूवर परिणाम करते. कॅडमियम मूत्रपिंडात साठते. ज्या विषाचे काम दिसत नाही, त्याचे मोजमापही उशिरा सुरू होते.

ते सुरू झाले एका वेगळ्याच शोधाच्या ओघात. अमेरिकन शास्त्रज्ञ क्लेअर पॅटरसन हे पृथ्वीचे वय काढीत होते. उल्कापाषाणातील शिशावरून त्यांनी १९५६ साली ते वय सुमारे ४५५ कोटी वर्षे ठरविले. ह्या कामात त्यांना सर्वांत मोठा त्रास झाला तो प्रयोगशाळेतील धुळीत, पाण्यात, काचपात्रांत, माणसांच्या केसांत असलेल्या शिशाचा. हे शिसे आले कोठून, ह्या प्रश्नाने त्यांचा पाठलाग सोडला नाही. १९२३ पासून अमेरिकेत मोटारीच्या पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग मिसळून विकले जात होते. पॅटरसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्रीनलंडच्या हिमातील जुने थर कापून काढले आणि १९६९ साली निष्कर्ष प्रसिद्ध केला. ख्रिस्तपूर्व ८०० च्या सुमारास पडलेल्या हिमाच्या मानाने १९६५ च्या हिमात शेकडो पटींनी अधिक शिसे होते. पुढे १९९४ साली दुसऱ्या एका संशोधकगटाने दाखवून दिले की, ग्रीक-रोमन काळाच्या थरांतही शिसे नैसर्गिक प्रमाणाच्या सुमारे चौपट आहे. स्पेनमधील खाणींजवळच्या भट्ट्यांत रोमन लोक चांदीसाठी खनिज गाळीत होते. त्याचा धूर त्यांनी कधी न पाहिलेल्या बेटावर जाऊन बसला होता. म्हणजे सरहद्दी ओलांडणारा धातू हा आधुनिक कारखान्यांचा शोध नव्हे, तो दोन हजार वर्षांचा जुना प्रवासी आहे.

ग्रीनलंडच्या हिमाने धातू किती दूर जातो हे सांगितले. पण निर्मनुष्य हिमावर फिर्यादी कोण असणार? फिर्यादी पुढे आला तो स्वीडनमध्ये. १९६७ साली स्वान्ते ओदेन ह्या मृदाशास्त्रज्ञाने वृत्तपत्रात लेख लिहून, स्वीडनमधील पाऊस आम्लधर्मी होत आहे व त्याचे कारण देशाबाहेरील धुरात आहे, असा इशारा दिला. त्याच सुमारास लुंड विद्यापीठातील ओके र्‍युलिंग व गेरमुंड त्यूलर ह्यांनी एका अगदी साध्या वनस्पतीस साक्षीदार केले. उत्तरेकडील अरण्यांत जमिनीवर मखमलीसारखे हरिताचे, म्हणजे रानशेवाळाचे, आच्छादन असते. ह्या शेवाळास खरी मुळे नसतात. ते आपले पोषण पावसातून व हवेतील धुळीतून घेते. साहजिकच मातीतील धातू त्यात फारसा शिरत नाही, आकाशातून पडलेला तेवढा साठतो. त्यातील एका जातीची वाढ पायऱ्यापायऱ्यांनी होते, दरवर्षी एक पायरी. त्यामुळे कोणते अंग कोणत्या वर्षाचे हेही कळते. ह्या दोघांनी १९६८ साली दाखविले की, स्वीडनच्या दक्षिण भागातील शेवाळात शिसे जास्त असून उत्तरेकडे जावे तसे ते कमी होत जाते. इतकेच नव्हे, तर संग्रहालयांत १८६० पासून जपून ठेवलेले वाळलेले नमुने तपासून त्यांनी शिशाची चढती कमानही काढली. एक चढ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, कोळशाच्या युगाचा. दुसरा विसाव्या शतकाच्या मध्यानंतर, पेट्रोलच्या युगाचा. मौल्यवान यंत्रे नाहीत, वीज नाही, पहारेकरी नाही. रानात जावे आणि मूठभर शेवाळ आणावे. विज्ञानाच्या इतिहासात इतक्या स्वस्तात इतके मोठे काम क्वचितच झाले असेल.

तथापि शेवाळाची साक्ष अपुरी होती. शिसे पडले आहे व किती पडले आहे, हे ते सांगते. ते कोणाचे, हे सांगत नाही. दक्षिणेकडून आले असे म्हटले, तरी दक्षिणेस डेन्मार्क आहे, जर्मनी आहे, पोलंड आहे, समुद्रापलीकडे इंग्लंड आहे. आणि ते दिवस असे होते की, युरोपच्या पूर्व व पश्चिम भागांत संशयाची भिंत उभी होती. कारखान्यांचे आकडे ही राज्याची गुपिते मानली जात.

अशा काळात धुराच्या प्रश्नावर दोन्ही बाजू एका मेजाशी बसल्या, ही राजकारणातील एक गमतीदार घटना होय. १९७५ च्या हेलसिंकी परिषदेनंतर सोव्हिएत रशियास पश्चिमेशी सहकार्य करण्यास एखादा निरुपद्रवी विषय हवा होता. शस्त्रे नकोत, मानवी हक्क नकोत. मग हवा बरी! नॉर्वे व स्वीडन ह्यांना तर कोणी ऐकणारा हवाच होता. दोघांचे हेतू भिन्न, पण परिणाम एक झाला. १३ नोव्हेंबर १९७९ रोजी जिनीव्हा येथे दूरगामी, सरहद्दपार वायुप्रदूषणाविषयीचा करार झाला व १६ मार्च १९८३ पासून तो अमलात आला. त्याच्या आधीच मोजणीचा संयुक्त कार्यक्रम सुरू झाला होता. रसायनांच्या मोजणीचा मेळ घालणारे केंद्र नॉर्वेत राहिले. हवामानशास्त्राच्या आधारे गणित करणारी केंद्रे दोन झाली, एक ऑस्लो येथे व दुसरे मॉस्को येथे. प्रत्येक गटास आपला हिशेबनीस हवा, हे त्यातील उघड व्यवहारज्ञान. पुढे जड धातूंचा हिशेब मॉस्कोकडे आला. १९८५ च्या गंधकविषयक करारात तर, देशांनी आपले उत्सर्जन ‘किंवा सरहद्दीपार जाणारे प्रमाण’ तीस टक्क्यांनी घटवावे असे शब्द आहेत. वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणाऱ्या त्या खंडात हा ‘किंवा’ सोव्हिएत रशियाच्या पथ्यावर पडणारा होता. करारांत असे छोटे शब्द मोठे काम करतात.

आता हे गणित करावयाचे कसे? सारा युरोप नकाशावर चौकटींनी आखावयाचा. आरंभी एक चौकट दीडशे किलोमीटरची होती. पुढे ती पन्नास किलोमीटरची झाली, आणि नंतर अक्षांश-रेखांशाच्या एकदशांश अंशाइतकी लहान. प्रत्येक चौकटीत किती भट्ट्या, किती वीजकेंद्रे, किती मोटारी आहेत व त्या किती धातू हवेत सोडतात, हे देशांनी कळवावयाचे. मग प्रत्यक्ष नोंदविलेले वारे व पाऊस घेऊन तो धातू चौकटीचौकटीने पुढे ढकलावयाचा. काही कण आपोआप खाली बसतात, काही पावसाबरोबर उतरतात, उरलेले पुढील चौकटीत जातात. वर्षभराची बेरीज केली म्हणजे सावकाराच्या खतावणीसारखा एक तक्ता तयार होतो. आडव्या ओळीत देणारे देश, उभ्या ओळीत घेणारे. कोणाच्या नावे कोणाकडून किती किलोग्राम शिसे पडले, हे त्यात वाचावे. हवेत फिरणाऱ्या कणास नाव नसते. ते नाव त्यास ह्या तक्त्याने दिले.

अर्थात, हा तक्ता खरा कशावरून? त्याची पारख दोन प्रकारे होते. एक, मोजणीकेंद्रांत पडलेल्या पावसाशी व रानातील शेवाळाशी ताळा पाहून. दुसरी पारख शिशाच्या स्वतःच्या अंगी आहे. शिशाची चार स्थिर समस्थानिके आहेत. त्यांपैकी तीन युरेनियम व थोरियम ह्यांच्या क्षयातून निरंतर निर्माण होत असल्यामुळे खाणीखाणीप्रमाणे त्यांचे परस्पर प्रमाण बदलते. खनिज भाजा, गाळा, पेट्रोलमध्ये मिसळून जाळा. हे प्रमाण बदलत नाही. अमेरिकेतील मिसूरी राज्याच्या खनिजाची ठेवण तर युरोपातील खनिजाहून सहज ओळखू येण्याइतकी निराळी आहे. १९९३ साली ग्रीनलंडच्या हिमातील शिशाची अशी ओळख पटविण्यात आली, तेव्हा १९७० च्या सुमाराच्या थरांत अमेरिकेचा वाटा मोठा असून, तेथे पेट्रोलमधील शिसे कमी झाले तसतसा तो घसरत गेल्याचे दिसून आले. ज्या पॅटरसन ह्यांचे म्हणणे शिशाच्या व्यापाऱ्यांनी धुडकाविले होते, त्यांच्याच हिमाने ही साक्ष दिली.

अशा तयारीनंतर २४ जून १९९८ रोजी डेन्मार्कमधील ऑर्हूस येथे शिसे, कॅडमियम व पारा ह्या तीन धातूंसंबंधी पुरवणी करार झाला. तो २९ डिसेंबर २००३ पासून अमलात आला. १९९० हे किंवा त्याच्या आगेमागे पाच वर्षांतील एखादे वर्ष आधारभूत धरून उत्सर्जन त्याखाली आणावयाचे, भट्ट्यांच्या धुरास गाळण्या बसवावयाच्या, पेट्रोलमधील शिसे एका लिटरमागे ०.०१३ ग्रॅमच्या आत आणावयाचे, अशी त्याची कलमे आहेत. जड धातू नियमित मोजणीच्या कार्यक्रमात रीतसर दाखल झाले ते १९९९ साली, म्हणजे करारावर सह्या झाल्यानंतर! तोवर बराचसा भार शेवाळानेच वाहिला होता. १९९० पासून युरोपातील अनेक देश दर पाच वर्षांनी एकाच पद्धतीने शेवाळ गोळा करीत आले. १९९० ते २०१० ह्या वीस वर्षांत शेवाळातील शिसे ७७ टक्क्यांनी व कॅडमियम ५१ टक्क्यांनी घटले. पारा १९९५ पासून केवळ १४ टक्क्यांनी.

पाऱ्याची कथा निराळीच आहे. शिसे व कॅडमियम धुळीच्या कणांवर बसून प्रवास करतात आणि फार तर काही दिवसांत खाली येतात. पारा वायुरूपाने कित्येक महिने हवेत तरंगतो व पृथ्वीप्रदक्षिणा करतो. त्याच्या बाबतीत युरोपची खतावणी अपुरी पडते, सबंध जगाची मांडावी लागते. म्हणूनच मॉस्कोच्या केंद्रास सबंध भूगोलाचे गणित उभारावे लागले आणि राष्ट्रांनाही मिनामाता ह्या जपानी गावाच्या नावाने २०१३ साली जागतिक करार करावा लागला. भारत २०१८ साली त्यात सामील झाला.

शिशाचा हिशेब तरी चोख बसला काय? तोही पुरता नाही. गणिताने जेवढे शिसे पडावयास हवे, त्याहून जास्त मोजणीत सापडे. ह्याचे एक कारण म्हणजे काही देशांनी कळविलेले आकडे प्रत्यक्षापेक्षा कमी असणे. माणसाचा स्वभाव पाहता ह्यात आश्चर्य नाही. दुसरे कारण अधिक विचार करावयास लावणारे आहे. पन्नास-साठ वर्षे मोटारींनी ओकलेले शिसे रस्त्याकडेच्या व शेतांच्या मातीत साठून आहे. वारा सुटला की ती धूळ पुन्हा उडते, पुन्हा सरहद्द ओलांडते. हे शिसे कोणाच्या नावे मांडावयाचे? ज्या मोटारी भंगारात गेल्या त्यांच्या, की ज्या शेतातून धूळ उडाली त्याच्या?

दक्षिण आशियात अशी खतावणी उभी राहिलेली नाही. ऑर्हूसच्या करारापूर्वी दोनच महिने, एप्रिल १९९८ मध्ये, भारतासह ह्या भागातील देशांनी माले येथे सरहद्दपार वायुप्रदूषणाविषयी जाहीरनामा स्वीकारला. परंतु त्यात मोजणी व अभ्यास ह्यांवर भर आहे, उत्सर्जन अमुक इतके घटवावे असे बंधन नाही. भारतात २००० साली पेट्रोलमधील शिसे बंद झाले, हा लाभ मोठा. पण हिवाळ्यात ईशान्येचे वारे उपखंडावरील धुरकट हवा पश्चिम किनारा ओलांडून समुद्रावर नेतात व ती मालदीवपर्यंत पोहोचते, हे १९९९ च्या आंतरराष्ट्रीय पाहणीत स्पष्ट झाले होते. त्या हवेतील कोणता कण कोणाच्या भट्टीतला, हे सांगणारी वही मात्र अद्याप कोणाच्या हाती नाही.

ज्यांच्या हाती ती आहे, त्यांनाही तिचा उपयोग एका मर्यादेपर्यंतच करता येतो. १९७९ च्या कराराच्या आठव्या कलमास एक बारीक तळटीप आहे: ह्या करारात नुकसानीच्या बाबतीत राष्ट्रांच्या दायित्वाचा नियम अंतर्भूत नाही. त्या तळटिपेवाचून इतक्या देशांच्या सह्या झाल्या असत्या काय, ह्याची शंकाच आहे. आकडे मोकळेपणाने पुढे यावे म्हणून आकड्यांवरून भरपाई मागण्याचा मार्ग सोडून द्यावा लागला. हा सौदा वाईट होता असे म्हणता येणार नाही. शेवाळातील शिसे घटले ते ह्याच सौद्याच्या काळात. परंतु ज्याच्या शेतात धातू आधीच पडून आहे, त्याच्या पदरात त्यातून काही पडत नाही.

ट्रेलच्या खोऱ्यात हे पुन्हा एकदा दिसून आले. कॅनडा व अमेरिका हे दोन्ही देश ऑर्हूसच्या करारात सामील आहेत. तरीही सरहद्दीच्या अमेरिकन बाजूस राहणाऱ्या कॉलव्हिल येथील आदिवासी जमातींना व वॉशिंग्टन राज्याला अखेर आपल्याच देशाच्या न्यायालयात, आपल्याच देशाच्या कायद्याखाली दाद मागावी लागली. कारखान्याने कित्येक दशके नदीत सोडलेल्या मळीबद्दल मालक कंपनी जबाबदार ठरली. त्यानंतर त्यांनी दुसरा मुद्दा मांडला: त्याच कारखान्याच्या धुराड्यांतून निघालेले शिसे, आर्सेनिक, कॅडमियम व पारा हवेतून येऊन आमच्या भूमीवर व पाण्यात पडले आहेत, त्याचे काय? २७ जुलै २०१६ रोजी अपील न्यायालयाने निर्णय दिला. त्या कायद्यातील ‘टाकणे’ ह्या शब्दाच्या अर्थात, धुराड्यातून निघून वाऱ्याबरोबर आलेल्या व मग खाली बसलेल्या धातूचा समावेश होत नाही. नदीने आणलेले शिसे कायद्यात बसले. वाऱ्याने आणलेले बसले नाही.